मदत हवी आहे: नाशिक फाटा ते खेड उन्नत मार्गाखाली फूटपाथ आणि सायकलमार्ग कसा मागायचा?

मोशीकर:

नमस्कार मंडळी,

रस्त्याच्या कामातले, नगररचनेतले किंवा सायकलींसाठी कुठे भांडलेले कोणी इथे असतील तर कृपया लिहा.

मी मोशीत राहतो आणि कुरुळीच्या एका कारखान्यात नोकरी करतो. पुण्याजवळच्या नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गाला ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, खर्च ७,८२७ कोटी. त्यातच खालचा रस्ता चार-सहा पदरी करून दोन्ही बाजूंना दुपदरी सर्व्हिस रोड द्यायचे आहेत. लांबची वाहने वरून जातील, ते चांगलंच आहे. मला काळजी आहे ती खालची. मी जेवढं वाचलं त्यात पदर होते, रॅम्प होते, खांब होते. चालणाऱ्या माणसाला किती जागा, हे कुठे दिसलं नाही.

सकाळच्या पाळीला हा रस्ता कसा असतो ते चाकणला कामाला जाणाऱ्यांना माहीत आहे. आमच्या लाईनवरचा एक मुलगा हिंगोलीकडचा. चिंबळी फाट्याजवळ खोली घेऊन राहतो. कंत्राटी असल्यामुळे कंपनीच्या बसमध्ये त्याला जागा नाही, म्हणून सायकल. गेल्या पावसाळ्यात गाड्या वाहून नेणारा लांब ट्रेलर इतक्या जवळून गेला, की नुसत्या वाऱ्याने तो कडेच्या चरात पडला. मनगट मोडलं, दीड महिना घरी. धडक झालीच नाही, त्यामुळे कुठे नोंदही नाही. असे किती असतील? बरा झाल्यावर तो पुन्हा त्याच सायकलवर त्याच कडेने येतो, कारण दुसरी वाटच नाही.

आणि हे फक्त कामगारांचं नाही. कार्तिकीला जुन्नर, आंबेगाव, खेडकडच्या दिंड्या याच रस्त्याने आळंदीकडे येतात. पांढऱ्या पट्टीच्या आत वीणेकरी चालत असतो आणि हातभर अंतरावरून कंटेनर जातो. मी लहानपणापासून हे बघतोय, आणि दर वर्षी वाहतूक वाढलेली असते.

आम्ही सात-आठ जण मिळून निवेदन तयार करतोय. पण अडचण अशी की इंद्रायणीचा पूल ओलांडला की पिंपरी-चिंचवड महापालिका संपते. पुढे ग्रामपंचायती, मग चाकण नगरपरिषद, आजूबाजूला एमआयडीसी, नियोजनाला पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि रस्ता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. निवेदन द्यायचं कोणाला?

दुसरं, सर्व्हिस रोडलाच सायकलमार्ग समजा असं उत्तर मिळेल अशी भीती वाटते. तिथे राँग साइडने येणाऱ्या दुचाक्या, उभे ट्रक आणि वडापच्या रिक्षा असणार. वेगळा मार्ग मागितला तर रुंदी किती मागावी? आणि रस्ता ओलांडायला पादचारी पूल नकोच असं माझं ठाम मत झालंय. दहा तास उभं राहून काम केलेला माणूस सायकल खांद्यावर घेऊन पन्नास पायऱ्या चढणार नाही, तो दुभाजकावरूनच जाईल. मग काय मागायचं?

खडीकरण:

मोशीकर, सरकारी रस्त्यांच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून थोडं लांबण लावतो.

हे काम बीओटीचं, म्हणजे ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ पद्धतीचं. अशा करारात शेड्यूल बी आणि शेड्यूल सी ही परिशिष्टं असतात. ठेकेदाराने रस्ता कसा बांधायचा ते बी मध्ये. बसथांबे, दिवे, पादचाऱ्यांच्या सोयी वगैरे सी मध्ये. या दोन कागदांत जे आहे ते होतं. जे नाही त्यासाठी करारानंतर ‘चेंज ऑफ स्कोप’ लागतो, म्हणजे वेगळी मंजुरी आणि वेगळे पैसे. त्यामुळे निवेदनाआधी माहितीच्या अधिकारात दोन्ही शेड्यूल आणि टिपिकल क्रॉस सेक्शन (रस्त्याच्या रुंदीत कशाला किती जागा ते दाखवणारं चित्र) मागवा. अर्ज महामार्ग प्राधिकरणाच्या प्रकल्प कार्यालयाला करा. बाकीच्यांकडून ठराव घ्या. चिंबळी आणि कुरुळीच्या ग्रामसभेचा ठराव जोडलात तर कागदाला वजन येतं.

रुंदीचं म्हणाल तर आयआरसी १०३ ही इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सोयींची मार्गदर्शिका आहे. चालायला किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच मोकळी जागा, म्हणजे खांब, विजेची डीपी, फलक, झाडाचा बुंधा वगळून. हे ‘वगळून’ निवेदनात ठळक लिहा. नाहीतर गटारावर झाकणं टाकून त्यालाच फूटपाथ म्हणतात, आणि वर्षभरात निम्मी झाकणं फुटतात. सायकलमार्ग दोन्ही दिशांना चालणारा हवा असेल तर माझ्या मते तीन मीटरच्या खाली येऊ नका. आणि तो रस्त्याच्या दोन्ही अंगांना मागा. एकाच अंगाला दिलात तर निम्मे लोक ओलांडत बसतील.

सगळ्यात जास्त भांडा ते कारखान्यांच्या गेटपाशी. प्रत्येक गेटला फूटपाथ खाली उतरवून पुन्हा वर चढवला की तो कोणी वापरत नाही. फूटपाथ आणि सायकलमार्ग सपाट सलग ठेवायचा आणि गाडीने त्यावर चढून आत जायचं. ट्रक आपोआप हळू होतो. ओलांडण्यासाठीही तेच: सर्व्हिस रोडवर उंचावलेलं क्रॉसिंग, मुख्य रस्त्यावर सिग्नल, मधे दुभाजकात थांबायला जागा. वरच्या मार्गाचे खांब दुभाजकात येणार असतील तर ती जागा आत्ताच राखून घ्या, नंतर मिळत नाही.

मोजणी केलीत का? आकड्याशिवाय जाऊ नका.

गच्चीबावलीची मीनल:

मी हैदराबादला असते. इथे २०२३ मध्ये बाह्य वळण रस्त्याच्या कडेने २३ किलोमीटरचा सायकलमार्ग झाला, साडेचार मीटर रुंद, वर सौर पॅनेलचं छप्पर. एप्रिलच्या उन्हात त्या सावलीची किंमत कळते, म्हणून निवेदनात सावली जरूर मागा, झाडांची का होईना. पण मला तिथे दिसतात ते बहुतेक पहाटे व्यायामाला आलेले लोक. तुमच्याकडे माणसं डबा अडकवून कामावर निघालेली आहेत. त्यांना दर फाट्यावर आत-बाहेर करता यायला हवं. तो नमुना जसाच्या तसा मागू नका.

आणखी एक. १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की अडथळ्याविना फूटपाथ मिळणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्याचा उल्लेख करा. आणि दिवे विसरू नका. रात्रपाळी सुटल्यावर बायकाही चालतात.

मोशीकर:

खडीकरण काका, मीनलताई, मनापासून आभार. शेड्यूलचं आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. माहिती अधिकाराचा अर्ज याच आठवड्यात टाकतो.

काका, मोजणी केलेली नाही. चिंबळी फाटा, आळंदी फाटा आणि चाकणचा तळेगाव चौक या तीन ठिकाणी करायची म्हणतो. किती दिवस, किती वेळ?

खडीकरण:

कामाचे दोन दिवस आणि आठवड्याच्या बाजाराचा एक. पाळी भरायच्या आणि सुटायच्या वेळी दोन-दोन तास, पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यांत. पायी, सायकल आणि ढकलगाडी वेगळे. कडेने जाणारे आणि ओलांडणारे वेगळे. ओलांडणारा नेमका कुठून ओलांडतो तिथे नकाशावर ठिपका. शंभर ठिपके पडले की क्रॉसिंग कुठे हवं ते तुम्हाला सांगावं लागणार नाही.

मोशीकर:

असंच करतो. एक शंका उरली आहे. इंद्रायणीच्या पुलावर सायकलवाला आज कठड्याला घासून जातो. तिथे सायकल आणि पायी लोकांसाठी वेगळा हलका पूल मागावा, की नव्या कामातच रुंदी वाढवून मागावी? पुलाचं काम केलेलं कोणी असेल तर सांगा. आणि मोशी, चिंबळी, चाकणचे कोणी हे वाचत असाल तर मोजणीला माणसं कमी आहेत. दोन तास देऊ शकत असाल तर खाली लिहा, तक्ते मी छापून आणतो.