ऑक्सिमीटरच्या आकड्याआधी बाळाची छाती पाहावी

ऑक्सिमीटरवर रक्तातील ऑक्सिजन ९५ टक्के दिसत असेल तर नवजात बाळाच्या श्वासाची चिंता नको, असे काहीजण म्हणतात; या मताशी मी सहमत नाही. मुंबईतील एका प्रसूतिगृहात परिचारिका म्हणून काम करताना मला जाणवते की, ती पातळी टिकवण्यासाठी बाळ किती कष्ट घेत आहे, हे यंत्र सांगत नाही. त्यासाठी सिल्व्हरमन आणि अँडरसन या डॉक्टरांची १९५६ मधील गुणपद्धती आजही उपयोगी पडते: छातीचा वरचा भाग पोटाबरोबर उचलला जातो की मागे पडतो, फासळ्यांमधली व छातीच्या हाडाच्या टोकाखालची त्वचा आत ओढली जाते का, नाकपुड्या फुलतात का आणि श्वास सोडताना बाळ कण्हते का, अशा पाच लक्षणांना प्रत्येकी ० ते २ गुण द्यायचे. अपगार या जन्मल्याबरोबर बाळाची स्थिती तपासणाऱ्या गुणपद्धतीच्या उलट, येथे ० उत्तम आणि १० अतिगंभीर.

कण्हण्याकडे तर मुळीच दुर्लक्ष करू नये. फुप्फुसातील वायुकोश मिटू नयेत म्हणून बाळ स्वरयंत्र अर्धवट बंद करून श्वास सोडते. हा आवाज कधी कधी स्टेथोस्कोप लावल्यावरच ऐकू येतो. श्वास मात्र पूर्ण एक मिनिट मोजावेत, कारण नवजात बाळ श्वास घेताना मध्येच काही सेकंद थांबते. शांत बाळाचे श्वास मिनिटाला ६० च्या वर गेल्यास डॉक्टरांना लगेच कळवावे.

बाळाला उपनगरातून परळच्या मोठ्या रुग्णालयात हलवायचे असेल, तर निघतानाचे गुण वेळेसह चिठ्ठीवर जरूर लिहावेत. वाटेतल्या गर्दीत त्रास वाढला की नाही, हे तिथल्या डॉक्टरांना त्यावरूनच ताडता येते.