मदत हवी आहे: जिप्सी गिअर घेते, स्पीडोमीटरचा काटा हलतो, गाडी मात्र जागची हलत नाही

डोंगरवाट

गाडी जिप्सी किंग, २००४ ची, एमपीआय इंजिन. टायर कंपनीच्या मापापेक्षा मोठे. वेल्ह्याच्या पुढे कच्च्या चढावर मागचं डावं चाक चिखलात फिरत होतं. ते फिरता फिरता कोरड्या दगडावर चढलं आणि 'टक्' असा एकच मोठा आवाज आला. तेव्हापासून अशी परिस्थिती आहे:

टू-हायमध्ये (ताकद फक्त मागच्या चाकांना) पहिला गिअर टाकून क्लच सोडला की इंजिन बंद पडत नाही, गाडीही हलत नाही. स्पीडोमीटरचा काटा मात्र वर जातो. खालून घरघर किंवा दात खाल्ल्यासारखा आवाज नाही. क्लच जळल्याचा वास नाही. आणखी काही मोडू नये म्हणून फोर-हाय (ताकद चारही चाकांना) अजून टाकून पाहिलेलं नाही.

जवळच्या मेकॅनिकचं म्हणणं, क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. गिअरबॉक्सला हात लावण्याआधी नक्की काय गेलंय ते कसं ओळखायचं? आणि गाडी डांबरी रस्त्यापर्यंत, म्हणजे साधारण ६ किलोमीटर, खाली कशी आणायची?

पाना१४

आधी गाडीखाली जाऊ नका. चारही चाकांना दगडाची उटी लावा. तुम्ही सांगताय ती लक्षणं पाहता गाडी गिअरमध्ये टाकून उतारावर थांबणार नाही. मागचा एक एक्सल (चाकाला फिरवणारा दांडा) तुटला असेल तर गिअरने फक्त प्रोपेलर शाफ्ट (ताकद मागे नेणारा लांब दांडा) अडतो. चाकं मोकळीच राहतात.

गिअरबॉक्स उतरवू देऊ नका. जिप्सीत ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे पाठवणारा डबा) गिअरबॉक्सपासून वेगळा बसवलेला असतो आणि मधे एक छोटा शाफ्ट असतो. स्पीडोमीटरची वायर ट्रान्सफर केसमधून, मागच्या आउटपुटवरून निघते. काटा हलतोय म्हणजे क्लच, गिअरबॉक्स, मधला शाफ्ट आणि ट्रान्सफर केस हे चारही ताकद पुढे पाठवतायत. क्लच गेला असता तर काटा शून्यावर राहिला असता. मधल्या शाफ्टचा क्रॉस (टोकाचा सांधा) तुटला असता तरी शून्यावरच. ट्रान्सफरचा दांडा चुकून न्यूट्रलवर राहिला असता तरीही शून्य. (फोर-हाय आणि फोर-लो, म्हणजे चारही चाकं पण जास्त जोर आणि कमी वेग, यांच्या मधे न्यूट्रल येतो. चढावर 'गाडीच हलत नाही' म्हणून येणाऱ्या बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही.)

म्हणजे दोष ट्रान्सफर केसच्या मागे आहे: मागचा प्रोपेलर शाफ्ट, डिफ (डिफरन्शियल, ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारे गिअर) किंवा एक्सल शाफ्ट.

रानगाडी

पाना१४ यांच्याशी सहमत. आता पुढची तपासणी, एकही बोल्ट न खोलता.

गाडी सपाटीवर असेल तरच हे करा. पुढच्या चाकांना उटी, मागची दोन्ही चाकं जॅकने उचलून हाउसिंगखाली (डिफ आणि एक्सल ज्यात असतात त्या लोखंडी नळीखाली) घोडी. इंजिन बंद, गिअर पहिला, ट्रान्सफर टू-हाय. आता डावं चाक हाताने फिरवा. डिफ आणि दोन्ही एक्सल धड असतील तर उजवं चाक उलट्या दिशेने फिरतं, कारण गिअरमुळे प्रोपेलर शाफ्ट अडलेला असतो. डावं फिरवल्यावर उजवं जागेवरच राहिलं, आणि उजवं फिरवल्यावर डावं जागेवर, तर एक एक्सल तुटलाय किंवा डिफच्या आतली पिन गेलीय.

कोणती बाजू तुटली हे हाताला कळतं. धड बाजूचं चाक फिरवताना डिफच्या आतले गिअर फिरतात. थोडा जडपणा लागतो आणि हाउसिंगवर हात ठेवला तर बारीक खरखर जाणवते. तुटलेल्या बाजूला फक्त बेअरिंग फिरतं, चाक सायकलसारखं मोकळं जातं.

क्राउन-पिनियनचे (डिफच्या मुख्य गिअरजोडीचे) दात गेले असते तर गाडीला जोर देताच खडखडाट झाला असता. तुमच्याकडे तो नाही. त्यामुळे माझा अंदाज डाव्या एक्सलचा. फिरणारं चाक एकदम पकडीत आलं की सगळा झटका त्याच शाफ्टवर येतो. मोठ्या टायरने तो आणखी वाढतो.

डोंगरवाट

दोघांचेही मनापासून आभार. जवळच्या सपाट जागेवर गाडी दोराने ओढून घेतली आणि तपासलं. डावं चाक अगदी मोकळं फिरतं, उजवं जागचं हलत नाही. उजवं फिरवलं तर खरखर लागते, डावं हलत नाही. हाउसिंगच्या डाव्या टोकाला, ड्रमच्या मागे, ऑइलचा ओला डागही आहे.

आता गाडी खाली कशी आणू? टेम्पो इथपर्यंत येत नाही.

पाना१४

पुढच्या चाकांवर आणता येईल, पण तीन गोष्टी पाहून.

पहिली: डावं चाक वर-खाली आणि बाहेर ओढून पाहा. जिप्सीत चाक, ड्रम आणि एक्सल हे सगळं बाहेरच्या बेअरिंगवर आणि त्याच्या आतल्या बाजूच्या दाबून बसवलेल्या रिंगवर टिकलेलं असतं. शाफ्ट बेअरिंगच्या आत तुटला असेल तर चाक जागेवर राहतं. चाक खुळखुळत असेल किंवा बाहेर सरकत असेल तर गाडी अजिबात हलवू नका, चाक ड्रमसकट बाहेर येईल.

दुसरी: मागचा प्रोपेलर शाफ्ट काढून टाका. दोन्ही टोकांना फ्लँज आणि चार-चार बोल्ट आहेत, त्यामुळे ट्रान्सफर केसमधलं ऑइल सांडत नाही. काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर आणि शाफ्टच्या सरकत्या जोडावर रंगाची रेघ मारा. नंतर तो त्याच खुणेवर बसायला हवा, नाहीतर दोन्ही क्रॉसची रांग चुकते आणि गाडी थरथरते. शाफ्ट तसाच ठेवून चालवली तर तुटलेला तुकडा डिफमध्ये फिरत राहील आणि कण क्राउनच्या दातांत जातील.

तिसरी: पुढचे हब लॉक करून (म्हणजे पुढची चाकं एक्सलला जोडून) फोर-हाय. फोर-लो नको. सगळी ताकद आता पुढच्या दोन एक्सलवर आहे, आणि स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असताना पुढचे सीव्ही जॉइंट (वळणाऱ्या चाकांना ताकद देणारे सांधे) सगळ्यात नाजूक असतात. पहिल्या गिअरमध्ये हळू उतरा, वळणावर ॲक्सिलरेटर सोडा. मधे छोटा चढ लागलाच तर तो रिव्हर्समध्ये चढा. चढावर वजन उताराच्या बाजूच्या चाकांवर जातं, आणि ओढणारी चाकं तिकडे असली तर पकड राहते.

मागचा शाफ्ट नसल्यामुळे डांबरी रस्त्यावर फोर-हाय चाललं तरी पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये पीळ भरत नाही. तरी डांबरीवर पोचलात की टेम्पोच बघा.

तेलपाणी

सुटे भाग घेताना इथे लोक फसतात, म्हणून सांगते. १९९३ मध्ये जिप्सी वाइड ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांत जास्त अंतर असलेली) झाली. त्याआधीच्या अरुंद गाडीचे शाफ्ट तुमच्या गाडीला आखूड पडतात. शिवाय मागचं डिफ मध्यावर नसल्यामुळे डाव्या आणि उजव्या शाफ्टची लांबी वेगळी असते. तुटलेले दोन्ही तुकडे दुकानात घेऊन जा, लांबी मापा, स्प्लाइनचे (शाफ्टच्या टोकावरच्या खाचांचे) दात मोजा.

लागणारं सामान: डावा एक्सल शाफ्ट, बेअरिंग, बेअरिंगची रिंग, आतलं ऑइल सील, डिफ उतरवलं तर त्याची गॅस्केट, जीएल-५ ग्रेडचं हायपॉइड गिअर ऑइल दीड लिटर, ब्रेक ऑइल. बेअरिंग आणि सील दोन्ही बाजूंचे बदला. जुनी रिंग पुन्हा वापरायची नाही, ती एकदाच घट्ट बसते.

जुना शाफ्ट घेणार असाल तर स्प्लाइनच्या रेषांवर एका डोळ्याने नजर लावा. रेषा दोरीसारख्या किंचितही पिळलेल्या दिसल्या तर तो शाफ्ट सोडून द्या. लेथवर दोन टोकांत धरून फिरवून बाकही बघून घ्या. आणि कोणी तुटका शाफ्ट वेल्डिंग करून देतो म्हणालं तर नको. हा शाफ्ट कडक केलेल्या पोलादाचा असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा भाग ठिसूळ होतो आणि पुढच्या झटक्याला तिथेच तुटतो.

रानगाडी

खोलण्याचा क्रम असा ठेवा. ऑइल काढा. ड्रम काढा. हँडब्रेकची केबल आणि व्हील सिलिंडरला येणारा ब्रेकचा पाइप सोडवा, पाइपच्या तोंडाला रबरी टोपी लावा. ब्रेकची मागची प्लेट हाउसिंगला चार नटांनी असते. ते काढले की स्लाइड हॅमरने (सरकत्या वजनाने बाहेर ओढणाऱ्या अवजाराने) शाफ्ट, बेअरिंग आणि प्लेट एकत्र बाहेर येतात.

उरलेला तुकडा काढणं हे खरं काम. तो हाउसिंगच्या नळीत लांब उरला असेल तर लांब सळईला चुंबक लावून किंवा तारेचा फास टाकून ओढा. स्प्लाइनपाशीच तुटला असेल तर दुसऱ्या बाजूने सळईने ठोकून निघेल असं वाटतं, पण निघत नाही, डिफच्या मधली आडवी पिन वाट अडवते. मग उजवा एक्सलही थोडा बाहेर ओढून, पुढून डिफचा गोळा (डिफचा सगळा गिअरसंच) उतरवायचा. तो उतरवताना बेअरिंग कॅप आणि बाजूचे ॲडजस्टर यांना हात लावू नका. ते हलले नाहीत तर क्राउन-पिनियनमधली फट जशीच्या तशी राहते आणि पुन्हा सेटिंग करावं लागत नाही. गोळा बाहेर आहे तोवर क्राउनचा प्रत्येक दात टॉर्चने बघा आणि हाउसिंग डिझेलने धुऊन कोरड्या फडक्याने पुसा.

रिंग काढताना शाफ्टवर छिन्नी चालवू नका. रिंगला ग्राइंडरने समोरासमोर दोन जागी पातळ करा, शाफ्टला स्पर्श होण्याआधी थांबा, मग छिन्नीने फोडा. शाफ्टवर ओरखडा राहिला तर पुढची चीर तिथूनच सुरू होते. नवीन बेअरिंग आणि रिंग प्रेसवरच, आतल्या कड्यावर दाब देऊन बसवा. हातोडीने नाही.

डोंगरवाट

गाडी गॅरेजला आली, खोलून झालं. डावा शाफ्ट स्प्लाइन जिथे संपतात तिथेच तुटलाय. तुटलेल्या तोंडाचा निम्म्याहून जास्त भाग काळसर, गुळगुळीत, त्यावर शिंपल्यासारख्या रेघा. उरलेला भाग चकचकीत आणि खडबडीत. क्राउनचे दात ठीक आहेत. ऑइल मात्र दुधाळ, राखाडी रंगाचं निघालं. या दोन्हीचा संबंध आहे का?

तेलपाणी

आहे. काळसर भाग ही जुनी चीर. ती बऱ्याच काळापासून थोडी थोडी वाढत होती, त्या दिवशीच्या झटक्याने फक्त उरलेला चकचकीत भाग तुटला. दुधाळ ऑइल म्हणजे आत पाणी. पाण्याने शाफ्टला बारीक गंजाचे खड्डे पडतात आणि चीर तिथून सुरू होते. उजवा शाफ्टही तेवढाच जुना आणि त्याच पाण्यात राहिलेला आहे. स्प्लाइनच्या मुळाशी खड्डे दिसले तर तोही आत्ताच बदला.

पाणी बहुधा ब्रीदरमधून (हाउसिंगमधली हवा आत-बाहेर जाण्याच्या भोकातून) आलं असावं. चालून तापलेलं हाउसिंग ओढ्याच्या गार पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर बुडालेला असेल तर पाणी आत ओढलं जातं. ब्रीदर चिखलाने बंद असेल तर तापल्यावर उलट दाब वाढून सीलमधून ऑइल बाहेर येतं. तुमचा ड्रममागचा डाग तसाही असू शकतो. ब्रीदर काढून साफ करा, त्याला ऑइल सहन करणारी रबरी नळी जोडा आणि तिचं तोंड टबच्या (गाडीच्या बॉडीच्या) वरच्या कडेपर्यंत न्या. पुढच्या डिफलाही तेच. पुढचं ऑइल आणि ट्रान्सफर केसचं ऑइलही काढून रंग बघा. ट्रान्सफरमध्ये साधारण ०.८ लिटर लागतं.

नवीन ऑइल लेव्हल प्लगमधून ओघळेपर्यंत भरा. ५०० किलोमीटरनंतर एकदा काढा, धुऊनही राहिलेले कण आणि ओल त्यात निघून जातील. ब्रेकची हवा काढायला विसरू नका, डावा पाइप सोडवलेला आहे.