मदत हवी आहे: अँटिबायोटिकनंतर खाज, प्रोबायोटिकचा उपयोग होतो का?

पाटीपेन्सिल:
नमस्कार. विषय अवघड आहे, म्हणून नेहमीचा आयडी सोडून नवीन काढलाय. ओळखलंत तरी ओळख दाखवू नका!

वय ४८, शाळेत शिकवते. तीन आठवड्यांपूर्वी दाढेचं रूट कॅनल झालं, पाच दिवस अँटिबायोटिक होतं. आधी दोन दिवस जुलाब झाले, ते आपोआप थांबले. नंतर खाली खाज सुरू झाली ती थांबायचं नाव घेत नाही. अंगावरून पांढरं जातंय, घट्ट, फुटलेल्या दह्यासारखं. वास नाही. लघवी करताना बाहेरच्या बाजूला चुरचुरतं. तास चालू असताना मुलांकडे पाठ करून फळ्यावर उगीच काहीतरी लिहीत राहते, एवढंच सांगते.

मेडिकलमध्ये गेले तर काउंटरवर माझाच माजी विद्यार्थी. 'पोटासाठी काहीतरी दे' म्हणाले. त्याने बायकांसाठीच्या प्रोबायोटिक कॅप्सूल काढल्या, ३० गोळ्यांचे साडेआठशे रुपये. न घेता परत आले. जाऊबाई म्हणतात कापसाला घरचं दही लावून ठेव, त्यांच्या आईने केलं होतं. नेटवर प्रोबायोटिक, प्रीबायोटिक दोन्ही घ्या म्हणतात, पण दोन्हीत फरक काय तेच कळत नाही. रोज वाटीभर दही खातेच की मी. मग हे झालं कसं?

कैरीचंपन्हं:
ताई, अँटिबायोटिकनंतर मलाही अगदी हेच झालं होतं. दही ठेवू नकोस. मी ठेवलं होतं. दोन मिनिटं गार वाटलं आणि रात्रभर चिकचिक. सकाळी चादर धुताना सासूबाईंनी विचारलं, दही कुठे सांडलं?

विरजणवाली:
मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, तेवढ्यापुरतं लिहिते. औषधाचं डॉक्टर सांगतील.

योनीमार्गात मुळातच जंतूंची वस्ती असते. निरोगी बाईत तिथे बहुधा लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू जास्त असतात. १८९२ साली डोडरलाइन या जर्मन डॉक्टरांनी त्यांचं वर्णन केलं होतं. तिथल्या पेशींमध्ये ग्लायकोजेन नावाची साठवणीची साखर असते. तिच्यावर हे जंतू जगतात, लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि पीएच ३.८ ते ४.५ च्या दरम्यान ठेवतात. म्हणजे चांगलंच आंबट. त्या आंबटात बरेच उपद्रवी जंतू तग धरत नाहीत. अँटिबायोटिक दाढेसाठी घेतलं तरी ते रक्तातून सगळीकडे फिरतं आणि या राखणदारांनाही मारतं. कॅन्डिडा ही बुरशी, तिला अँटिबायोटिक काही करत नाही. शेत मोकळं झालं की तण माजतं, तसं.

आता दही. विरजणातले जंतू आणि योनीतले जंतू एकाच कुळातले असले तरी भाऊबंद वेगळे. दह्यातले दुधात रमतात. तिथे नेऊन ठेवले म्हणून घर करतील असं नाही. शिवाय आपल्या विरजणात नेमकं कोण आहे ते कुणालाच माहीत नसतं, माझ्याही. शेजारणीकडून आणलेलं, तिने तिच्या आईकडून. दही खा, चांगलंच आहे. पण रोज दही खाल्लं म्हणून हे होणारच नाही, असं नसतं. आणि कढी उकळली की जंतू गेले, चव तेवढी राहिली.

प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जंतू, पुरेशा संख्येने घेतले तर फायदा करणारे. प्रीबायोटिक म्हणजे आपल्या जंतूंचा खाऊ, जो आपल्याला पचत नाही पण त्यांना पचतो. कांदा, लसूण, कच्चं केळं, डाळी, उसळी. गार झालेल्या भातातही थोडा स्टार्च असा होतो की तो लहान आतड्यात न पचता पुढे जातो. छोले खाल्ल्यावर गॅस होतो ना, ती मोठ्या आतड्यातल्या मंडळींची पंगत. मात्र हा खाऊ पोटातल्या जंतूंसाठी आहे, खाजेवर त्याचा उतारा नाही.

ताकाचीवाटी:
थोडक्यात साडेआठशे वाचले. ताक प्या.

विरजणवाली:
@ताकाचीवाटी, सरसकट तसं नाही. अँटिबायोटिकबरोबर काही प्रोबायोटिक घेतले तर जुलाब कमी होतात, याला बऱ्यापैकी आधार आहे. त्यातलं सॅकरोमायसिस बुलार्डी ही तर यीस्ट, म्हणजे बुरशीचाच एक प्रकार, म्हणून जंतूंवरच्या अँटिबायोटिकने ती मरत नाही. पाटीपेन्सिल यांना ते अँटिबायोटिक चालू असताना जुलाबासाठी कदाचित उपयोगी पडलं असतं.

योनीसाठी म्हणाल तर २०२० साली अमेरिकेतला एक अभ्यास आला. २२८ बायका, सगळ्यांना बॅक्टेरियल व्हजायनोसिस झालेला, म्हणजे बुरशीचा नव्हे, योनीतल्या जंतूंचा तोल बिघडून होणारा त्रास. आधी मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकचं जेल, मग लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस हे जंतू थेट योनीत. १२ आठवड्यांत परत त्रास झाला ३० टक्के बायकांना. जंतू नसलेली नुसती भुकटी मिळालेल्या गटात ४५ टक्के. फरक आहे, पण नीट बघा: आजार दुसरा, आधी औषध दिलेलं, आणि जंतू गिळलेले नाहीत. तोंडाने घ्यायच्या कॅप्सूलबद्दल इतकं ठामपणे बोलता येत नाही. कधी घेतलीच तर पाकिटावर जंतूच्या नावापुढे स्ट्रेनची (नेमक्या उपप्रकाराची) खूण आहे का, आणि जंतूंची संख्या मुदत संपेपर्यंतची लिहिली आहे की बनवतानाची, हे बघा.

रात्रपाळी:
स्त्रीरोग विभागात काम करते. न तपासता निदान करणार नाही, पण काही विचारते. पाटीपेन्सिल ताई, शुगर आहे का? कोणत्या गोळ्या चालू आहेत? पूर्वी असं झालंय का? आणि 'पांढरं जाणं' हा एक आजार नाही. खाज आणि घट्ट पांढरं असेल तर बहुतेकदा बुरशी. पातळ, करडं, मासळीसारखा वास असेल तर बॅक्टेरियल व्हजायनोसिस. त्याचं औषध वेगळं. मेडिकलमधून अंदाजाने मलम आणू नका. साबण, डेटॉलचं पाणी, आतून धुणं सगळं आज बंद. साबण अल्कधर्मी असतो, आंबटपणा घालवतो. बाहेरून साधं पाणी पुरे. ताप, पोटात खालच्या बाजूला दुखणं किंवा मध्येच रक्त दिसलं तर थांबू नका.

पाटीपेन्सिल:
शुगर आहे, चार वर्षं झाली. मेटफॉर्मिन घेते. दोन महिन्यांपूर्वी एक नवीन गोळी वाढवली, डापाग्लिफ्लोझिन. त्याचा काय संबंध?

रात्रपाळी:
संबंध असू शकतो. ही गोळी जादा साखर लघवीवाटे बाहेर काढते. साखरेची लघवी त्या भागाला लागत राहते आणि बुरशीला आयतं जेवण मिळतं. वर तुमचं अँटिबायोटिक. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना दाखवा आणि ही गोळी चालू आहे हे पहिल्यांदा सांगा.

अण्णा_बार्शी:
बायकांच्या धाग्यात लिहावं की नाही कळेना, पण याच गोळीने मलाही झालं होतं. पुरुषांना पुढच्या कातडीला होतं. दीड महिना लाजेपायी लपवलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आधी का नाही बोललात?"

कैरीचंपन्हं:
अण्णा, लिहिलंत ते फार बरं केलंत.

पाटीपेन्सिल:
जाऊन आले. बाई डॉक्टर होत्या. एक पिवळी कागदी पट्टी लावून पीएच बघितला, चारच्या आसपास. काचेवर नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली मलाही दाखवला: फांद्या फुटलेले दोरे आणि त्यांना लागून मणी. कॅन्डिडाच. योनीत ठेवायच्या क्लोट्रिमॅझोलच्या, म्हणजे बुरशीवरच्या गोळ्या, सहा रात्री. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ८.९ निघालं, ते जास्त लागलं मनाला. डापाग्लिफ्लोझिनचं शुगरचे डॉक्टर गुरुवारी ठरवणार आहेत.

प्रोबायोटिकचं विचारलं तर म्हणाल्या, हवं तर घ्या, पण या गोळ्यांऐवजी नको.

आज चौथी रात्र. खाज जवळपास गेली. @विरजणवाली, गार भात परत गरम केला तर तो स्टार्च टिकतो का? फोडणीचा भात शुगरला चालणार असेल तर तेवढंच सुख.

विरजणवाली:
थोडाफार टिकतो. पण ८.९ आहे ताई, वाटीभरच. आणि त्यात शेंगदाणे घाला.