बी-20 भरल्यावर ॲव्हरेज किती घटायला हवे?

सह्यवाट:
माझी 2015 ची बीएस-4 डिझेल मोटार नेहमीच्या डिझेलवर नाशिक-पुणे मार्गावर लिटरला सुमारे 18 किलोमीटर धावते. 20 टक्के बायोडिझेल असल्याचे सांगून विकले जाणारे मिश्रण (बी-20) भरू लागल्यापासून हा आकडा 16 वर आला आहे. बायोडिझेलमुळे इंधनखप 10-12 टक्क्यांनी वाढते असे वाचनात आले आहे. तेव्हा ही घट स्वाभाविक मानावी का?

दट्ट्या:
नाही, आणि कृपया ती स्वाभाविक मानू नका. बायोडिझेलच्या रेणूंत वजनाने सुमारे 11 टक्के ऑक्सिजन असतो, जो स्वतः ऊर्जा देत नाही. त्यामुळे किलोमागे ऊर्जा साधारण 12 टक्क्यांनी कमी भरते. प्रयोगशाळेत इंधनखप ग्रॅम प्रति किलोवॅट-तास अशी वजनात मोजतात, आणि आपण वाचलेला आकडा शुद्ध बायोडिझेलचा व वजनी हिशेबाचा असावा. बायोडिझेल डिझेलपेक्षा जड असल्याने लिटरमागे तूट सुमारे 8 टक्केच राहते, आणि बी-20 मध्ये तिचा पाचवा हिस्सा, म्हणजे 1.6 टक्के. इंजिनाची कार्यक्षमता जवळपास तीच राहत असल्याने 18 चे 17.7 व्हावेत. शुद्ध बायोडिझेलवरही गाडीने 16.5 च्या आसपास ॲव्हरेज दिले असते. 16 हा आकडा त्याच्याही खाली आहे.

म्हणून आधी मोजमाप तपासावे. डॅशबोर्डवरील आकडा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला यावरून काढलेला अंदाज असतो, तेव्हा टाकी फुल करून पुन्हा फुल करण्याचीच पद्धत वापरावी, तीही त्याच मार्गावर आणि चाकांत तेवढीच हवा ठेवून. तरीही 16 च आले, तर ते इंधन बी-20 नसण्याची शक्यता गंभीरपणे घ्यावी. भारतात साध्या डिझेलच्या मानकात बायोडिझेल 7 टक्क्यांपर्यंतच चालते. त्यापुढे 20 टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणासाठी आयएस 16531 हे वेगळे मानक आहे. विक्रेत्याकडे त्यानुसारचा चाचणी अहवाल मागावा, आणि तो मिळाला नाही तर ते इंधन बंद करावे. बायोडिझेल टाकीतील जुना गाळ सोडवते, त्यामुळे डिझेल फिल्टरही बदलून घ्यावा.

उत्तरायण:
मी जर्मनीत राहतो. येथे 2024 पासून एचव्हीओ-100 हे वनस्पती तेल व वापरलेल्या खाद्यतेलापासून हायड्रोजन प्रक्रियेने बनवलेले डिझेल सर्वसामान्य पंपांवर विकता येते, आणि त्याचे गणित नेमके उलटे आहे. त्यात ऑक्सिजन नसल्याने किलोमागे ऊर्जा डिझेलपेक्षा किंचित जास्तच मिळते, पण घनता 0.78 च्या आसपास असल्यामुळे लिटरमागे ती सुमारे 4 टक्के कमी पडते. सीटेन अंक (इंधन इंजिनात किती सहज पेट घेते याचे माप) 70 च्या पुढे असल्याने थंड इंजिन शांत चालते, पण तेवढ्याने लिटरमागची तूट भरून निघत नाही.

दट्ट्या:
सह्यवाट, आपल्या गाडीला डीपीएफ (धुरातील काजळी अडकवणारा फिल्टर) असेल तर इंजिन ऑइलची पातळीही पाहावी. डीपीएफ साफ करताना सिलिंडरमध्ये उशिरा सोडलेले इंधन ऑइलमध्ये उतरते, आणि बायोडिझेलचा उत्कलनबिंदू उंच असल्याने ते तेथून सहज उडून जात नाही. पातळी वाढलेली दिसली, तर ठरलेल्या मुदतीची वाट न पाहता ऑइल बदलावे.