कायद्यात पीएचडी करायचीय, विषय आहे पण प्रपोजलवर गाडी अडलीये

निशिगंध:
एलएलएम होऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून करारांचं काम करतेय आणि आता मनापासून वाटतंय की पीएचडी करावीच. विषय डोक्यात आहे, एका देशातल्या लोकांचा डेटा दुसऱ्या देशात पाठवण्याचे नियम. पण रिसर्च प्रपोजल लिहायला बसले की दोन पानं होतात आणि वाचून बघितलं तर ते क्लायंटला दिलेल्या ओपिनियनसारखंच वाटतं. दुसरं म्हणजे कुठे पीएचडी, कुठे डीफिल, कुठे एसजेडी नाहीतर जेएसडी, हा नेमका काय प्रकार आहे? आणि खरी भीती तिसरीच, चालू काम सोडून तीन-चार वर्षं द्यायची आणि मधेच कायदा बदलला तर सगळं पाण्यात? ज्यांनी केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.

तळटीप:
तिसऱ्या भीतीपासूनच सुरू करतो कारण ती माझ्यावर खरोखर आली होती, आणि विषयही जवळपास तुमचाच. मी २०१८ ला सुरुवात केली. तेव्हा युरोपातून अमेरिकेत डेटा पाठवायची एक मोठी वाट म्हणजे प्रायव्हसी शील्ड ही दोघांमधली व्यवस्था. त्याच्या आधीचं सेफ हार्बर युरोपच्या कोर्टाने २०१५ मधे रद्द केलं होतं म्हणून २०१६ मधे हे आणलेलं. माझ्या तिसऱ्या प्रकरणाचा प्रश्नच होता की प्रायव्हसी शील्ड पुरेसं आहे का. १६ जुलै २०२० ला त्याच कोर्टाचा श्रेम्स-दोन या खटल्याचा निकाल आला आणि कोर्टाने सांगून टाकलं की नाही. साठेक पानं तयार होती, त्या दिवशी मी फाईल उघडली आणि नुसता बघत बसलो.

गाईडने निकाल वाचायला आठवडा दिला आणि मग एकच विचारलं, कोर्टाने उत्तर दिलं ते ठीक आहे पण कशाच्या आधारावर दिलं? त्यातून प्रश्न बदलला. दुसऱ्या देशातलं संरक्षण युरोपशी 'मूलतः समतुल्य' असायला हवं ही कसोटी २०१५ च्या निकालापासून आहे, पण ती लावताना कोर्ट नक्की काय तपासतं, पाळत ठेवायच्या अधिकारांना मर्यादा आहे का हे, की ज्याच्यावर पाळत ठेवली त्याला दाद मागता येते का हे, की दोन्ही, आणि कशाला किती वजन देतं? हा प्रश्न शील्ड गेलं तरी उभा राहतो, उलट नव्या निकालाने त्याला जास्त मटेरियल मिळालं. साठातली चाळीसेक पानं टिकली, बाकी काढून टाकली, त्याचं वाईट वाटलं पण ती जायलाच हवी होती.

तुमचं प्रपोजल ओपिनियनसारखं का वाटतंय त्याचं उत्तरही यातच आहे असं मला वाटतं. ओपिनियनमधे आपण कायदा काय आहे आणि क्लायंटने काय करावं ते सांगतो. प्रपोजलमधे कुठला प्रश्न अजून नीट सुटलेला नाही, आधीच्या लोकांनी तो कुठपर्यंत आणून सोडलाय आणि तुम्ही कुठल्या साधनाने पुढे नेणार हे सांगायचं असतं. फक्त निकाल आणि कायदे वाचून सुटणार, की दोन देशांची तुलना लागणार, की कंपन्यांमधल्या लोकांच्या मुलाखती घ्याव्या लागणार, हे स्पष्ट लिहा. 'सखोल अभ्यास करण्यात येईल' याने कोणाचंच समाधान होत नाही.

आणि थिसिसच्या सुरुवातीलाच एक ओळ टाका की यातला कायदा अमुक तारखेपर्यंतचा आहे. माझी तारीख होती ३१ डिसेंबर २०२२. सबमिट केल्यावर जुलै २०२३ मधे युरोप-अमेरिकेची तिसरी व्यवस्था आली, व्हायव्हा, म्हणजे थिसिसची तोंडी परीक्षा, त्यानंतर होता. परीक्षकांनी विचारलंच, पण 'हे का नाही लिहिलं' असं नाही, 'तुमची मांडणी याला लावून दाखवा' असं. वीस मिनिटं त्यावरच बोलत होतो आणि पूर्ण व्हायव्हात मला सगळ्यात आवडलेली वीस मिनिटं तीच.

उलटतपासणी:
वरच्या प्रतिसादाला +१. नावांच्या घोळाबद्दल मी सांगते. डीफिल म्हणजे पीएचडीच, ऑक्सफर्डमधे तसं म्हणतात. एसजेडी किंवा जेएसडी ही अमेरिकेतली कायद्याची संशोधन पदवी, बहुतेक एलएलएमनंतर करतात. जेडीच्या नावात डॉक्टर असलं तरी ती तिथली वकिलीची पहिली पदवी आहे, तिच्यात गल्लत करू नका. नावापेक्षा आतली व्यवस्था बघा. ऑक्सफर्डला आधी प्रोबेशनर म्हणून घेतात, मग ट्रान्सफर, मग कन्फर्मेशन असे पुढे जाण्याचे टप्पे असतात, म्हणजे प्रवेश मिळाला की झालं असं नसतं. नेदरलँड्समधे बरेच पीएचडी करणारे विद्यापीठाचे पगारी कर्मचारी असतात, तुम्ही काम सोडणार असाल तर हा फरक फार मोठा आहे.

गाईड मात्र विद्यापीठाच्या नावावर निवडू नका, कळकळीने सांगते. मी पहिल्या खेपेला एकच मेल अकरा जणांना पाठवला, एकाचंच उत्तर आलं की हे माझं क्षेत्र नाही. पुढच्या वर्षी तीनच जण निवडले, प्रत्येकाचे दोन-दोन लेख पूर्ण वाचले आणि मेलमधे त्या लेखातल्या एका मुद्द्यावर माझी शंका लिहिली. दोघांनी उत्तर दिलं, त्यातल्या एका बाई माझ्या गाईड झाल्या. तुम्ही ज्यांना गाईड म्हणून निवडाल त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना पण विचारा की प्रकरण पाठवल्यावर किती दिवसांनी वाचून परत येतं, कारण चार वर्षं तुम्ही त्या वाट बघण्यातच जगणार आहात.

पानोपानी:
माझं छोटंसंच पण ऐका. तळटिपांचे संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरोत (संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर) ठेवा, संदर्भ लिहायची पद्धत ओस्कोला की ब्लूबुक ते आधी विचारून घ्या. आणि 'वर टीप ८७ पहा' असले आकडे हाताने टाइप करू नका, वर्डमधे क्रॉस-रेफरन्स टाका. मी प्रकरण दोन उचलून चारच्या जागी नेलं आणि सहाशेच्या वर टिपांचे आकडे सरकले, सबमिशनच्या आधीचे नऊ दिवस मी फक्त तेच शोधत होते.

निशिगंध:
सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री दोनदा वाचलं. प्रश्न बदलून बघितलाय: समतुल्यतेची तपासणी कोर्टाऐवजी करार करणाऱ्या कंपनीवर पडते, तेव्हा ती कंपनी परक्या देशाचा कायदा खरंच तपासते का, आणि कशी? रोज हेच कागद हाताखालून जातात म्हणून सुचलं.

तळटीप:
हा प्रश्न आहे! श्रेम्स-दोनने ती जबाबदारी डेटा पाठवणाऱ्यावर टाकलीच आहे, आणि तुम्ही ती रोज जवळून बघताय. फक्त क्लायंटचे गोपनीय कागद वापरता येणार नाहीत, म्हणजे मुलाखती आल्या, म्हणजे त्यासाठी विद्यापीठाची एथिक्सची मंजुरी आली आणि तिला वेळ लागतो. वेळापत्रकात ते पहिल्याच वर्षात धरा.