अर्थविषयक बातम्यांसाठी वर्गणी भरावी का? अर्धाच लेख दिसतो

मिरजकर:
नमस्कार मंडळी. सहकारी बँकेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. ग्रॅच्युइटीतले थोडे पैसे शेअर्समध्ये आहेत. गेल्या आठवड्यात माझ्याकडच्या एका औषध कंपनीचा शेअर एका दिवसात ९ टक्के पडला. बातमी उघडली, तर दोन परिच्छेदांनंतर 'पुढे वाचण्यासाठी सबस्क्राइब करा'. दुसरीकडेही तेच. पडण्याचं कारण कुठेच दिसेना. शाखेत गुलाबी पेपर यायचा, डबा खाताना मी तो पहिल्या पानापासून वाचायचो. आता एकेका साइटचे वर्षाला दोन-अडीच हजार. मला पेन्शन नाही. द्यावेत का?

डेस्कवरची:
काका, मी मुंबईत एका अर्थदैनिकाच्या डेस्कवर अकरा वर्षं होते, म्हणून सांगते. तुम्ही वाचत होता त्या पेपरच्या किमतीत कागदाचाही खर्च निघत नसे. बाकीचा भार जाहिरातदार उचलायचे. आयपीओच्या, म्हणजे कंपन्या पहिल्यांदा शेअर विकायला काढतात त्या, हंगामात पानभर जाहिराती यायच्या. अशाच एका आठवड्यात एका कंपनीने प्रवर्तकांच्या, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मालकांच्या, नातेवाइकांना दिलेल्या कर्जाची बातमी मी चार कॉलमांची लावली होती. सकाळी पेपर हातात घेतला तेव्हा ती आतल्या पानावर, एका कॉलमात होती. वेबसाइट आली तशी भिंतीवर क्लिक मोजणारा स्क्रीन लागला, आणि आम्ही दिवसभर 'आज हे पाच शेअर पाहा' लिहीत बसलो.

वॉल स्ट्रीट जर्नल १९९०च्या दशकापासून ऑनलाइन वाचकांकडून पैसे घेतंय. आपल्याकडे २०१६ मध्ये बंगळुरूत 'द केन' हे उद्योगविषयक संकेतस्थळ सुरू झालं ते वर्गणीवरच, मग पैसे भरून वाचायच्या सेवा आल्या: २०१८ मध्ये ईटी प्राइम, २०१९ मध्ये मनीकंट्रोल प्रो. आमच्याकडे वर्गणी सुरू झाल्यावर स्क्रीनवरचा आकडाच बदलला. कोणता लेख वाचताना माणसाने पैसे भरले, ते दिसू लागलं. वर आले ते लेखापरीक्षकाच्या शेऱ्यांवरचे, कर्जफेडीवरचे लांबलचक लेख, जे आधी कोणी छापायला तयार नसायचं. ते पाहून मला रडू आलं होतं.

पण दुसरी बाजूही आहे. वर्गणीत बातमीपेक्षा 'शेअर निवड' जास्त खपते, त्यामुळे तीच पुढे केली जाते. आणि तुमच्यासारखा माणूस बाहेर राहतो, याचं मला फार वाईट वाटतं. त्या दिवशी टेलिग्रामवर तुमच्या शेअरची दहा 'कारणं' फुकट फिरली असतील.

सीए, सातारा:
पैसे भरण्याआधी बीएसईच्या (मुंबई शेअर बाजाराच्या) साइटवर कंपनीचं नाव टाका आणि 'कॉर्पोरेट अनाउन्समेंट्स' उघडा. औषध कंपनी आहे, तर अमेरिकेच्या एफडीएच्या (तिथल्या औषध नियामकाच्या) तपासणीचं काही आहे का ते आधी बघा. निकालानंतरच्या कॉनकॉलचं (कंपनीचे अधिकारी गुंतवणूकदारांशी फोनवर बोलतात त्याचं) रेकॉर्डिंग आणि पाच कामकाजी दिवसांत त्याची लेखी प्रत देणं शेअर बाजाराची नियामक सेबीने १ एप्रिल २०२२ पासून बंधनकारक केलंय. सगळं फुकट.
वर्गणी घेतलीत तर ऑटो-डेबिटकडे, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापले जाण्याकडे, लक्ष ठेवा. मी १९९ रुपयांच्या ऑफरवर घेतली, नूतनीकरणाला १,८९९ गेले. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज येतो. मलाही आला होता, मी न वाचता पुसला.

मिरजकर:
सापडलं! एफडीएचा फॉर्म ४८३, म्हणजे कारखान्याच्या तपासणीत आढळलेल्या त्रुटींची यादी, सात निरीक्षणं. कंपनीचं पत्र दीड पानाचं. कॉनकॉलची प्रतही दोन दुपारी बसून वाचली. आकडे कळले, बँकेत जन्म गेला आहे. पण ही सात निरीक्षणं किरकोळ की कारखाना बंद पडण्याइतकी, हे त्या पत्रावरून कसं कळणार? तिथे त्या कारखान्यांबद्दल वर्षानुवर्षं लिहिणारा बातमीदारच हवा. एक वर्गणी घेतोय, एकच, आणि ऑटो-डेबिट बंद ठेवून.

ताई, तुमचं ते कर्जाचं प्रकरण वाचून झोप लागली नाही. आमच्या बँकेतही असली कर्जं मी पाहिली आहेत. असं मराठीत सविस्तर कोणी लिहिणार असेल, तर पहिल्या वर्षाची वर्गणी आजच भरतो. तुम्ही लिहाल का?