चर्चा: वर्षभर फक्त लेखिका वाचायच्या, पण सालवार का?

पर्वतीपायथा:
कोथरूडच्या एका वाचनकट्ट्याने पुढच्या वर्षाची यादी काढली आहे. सगळ्या लेखिका, महिन्याला एक पुस्तक, क्रम प्रकाशनाच्या सालाप्रमाणे. ताराबाई शिंदे यांची 'स्त्री-पुरुष तुलना' (१८८२), रमाबाई रानडे यांच्या आठवणी (१९१०), विभावरी शिरूरकरांचे 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३), मग लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', इंदिरा संत, गौरी देशपांडे आणि शेवटी उर्मिला पवारांचे 'आयदान' (२००३). फक्त लेखिका घ्यायला माझी हरकत नाही. पण सालवार गेलात तर मार्चपर्यंत निम्मा कट्टा गळणार. एकोणिसाव्या शतकातलं गद्य आधी कानाला बसावं लागतं, आणि जानेवारीत ते कुणाच्याच कानाला बसलेलं नसतं. उलटं जा. सुरुवात गौरी देशपांडे यांच्या 'एकेक पान गळावया'ने करा. त्यात तीन लघुकादंबऱ्या आहेत. पहिल्या बैठकीला एकच घ्यायची.

नारायणपेठी:
क्रमाचं जाऊ द्या, मुळात अशी यादीच नको. चांगलं पुस्तक यादीशिवाय आपोआप पोचतं. ग्रंथालयातलं 'स्त्री-साहित्य' पाटी लावलेलं कपाट आठवा: वरच्या फळीवर कादंबऱ्या, खालच्या फळीवर लोणची-मुरंबे. इरावती कर्वेंचं 'युगान्त' तिथे नसतं, ते महाभारताशेजारी. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' ललितमध्ये. म्हणजे इरावतीबाई आणि दुर्गाबाई विषयाच्या जोरावर सुटल्या, बाकीच्या अडकल्या.
अशा यादीने पुस्तकं दिसतात त्यापेक्षा झाकली जास्त जातात. विभावरी शिरूरकर म्हटलं की 'कळ्यांचे निःश्वास', कारण ते 'बायकांच्या प्रश्नां'त चपखल बसतं. त्यांचीच 'बळी' (१९५०) गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणाआड ठेवणाऱ्या वसाहतीवर आहे. ती त्या चौकटीत मावत नाही, म्हणून यादीत येत नाही. या कट्ट्याच्याही यादीत आलेली नाही.

ओंजळ:
@नारायणपेठी, 'बळी'चा मुद्दा मान्य. ती यादीत घाला, यादी फाडू नका.
चांगलं पुस्तक आपोआप पोचतं म्हणता? 'स्त्री-पुरुष तुलना' पुण्यातच छापली गेली. स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा काढेपर्यंत ती जवळजवळ विस्मरणात होती. त्र्याण्णव वर्षं हे 'आपोआप' कुठे गेलं होतं? साहित्य संमेलनं २०२५पर्यंत ९८ झाली, अध्यक्षपदावर बायका सहा. पहिल्या कुसुमावती देशपांडे, १९६१ साली, ग्वाल्हेरला. यादी न करणं हीसुद्धा एक यादीच असते, फक्त ती दुसऱ्यांनी केलेली असते.
आता कामाचं. ही पुस्तकं सापडत नाहीत याचं अर्धं कारण आडनावं. विभावरी शिरूरकर म्हणजे लग्नानंतरच्या मालती बेडेकर, लग्नाआधीच्या बाळूताई खरे. आडनावाने लावलेल्या सूचीत श, ब आणि ख तिन्ही पाहावे लागतात. संगणकावर शोधताना लेखिकेचं नाव टाकूच नका, पुस्तकाचं टाका, तेही अर्धं. 'निःश्वास' कुणी विसर्गाने टाइप केलेलं असतं, कुणी अपूर्णविरामाने, कुणी नुसतं 'निश्वास'. 'कळ्यांचे' एवढंच टाकलं की काम होतं. 'युगान्त' मिळालं नाही तर 'युगांत' टाका.

पर्वतीपायथा:
'स्मृतिचित्रे'बद्दल राहिलं. प्रत घेताना 'संक्षिप्त' लिहिलंय का ते आधी बघा. मूळ चार भाग आहेत. निम्म्या लोकांकडे संक्षिप्त आणि निम्म्यांकडे संपूर्ण असेल, तर चर्चेत एक जण बोलतो आणि बाकीचे पानं उलटत बसतात. एका महिन्यात संपवायचा हट्ट नको. चार टप्पे करा: लक्ष्मीबाईंचे पती, कवी ना. वा. टिळक, यांच्या १८९५च्या धर्मांतरापर्यंत, तिथून लक्ष्मीबाई स्वतः ख्रिस्ती होईपर्यंत, म्हणजे १९००, पुढे १९१९पर्यंत, टिळक जाईपर्यंत, मग उरलेलं. पहिला टप्पा मोठ्याने वाचायचा. वडिलांच्या सोवळ्याचं वर्णन आहे ना, मीठसुद्धा धुवून घेणारं घर, ते मनात वाचलं तर नुसतं विचित्र वाटतं. मोठ्याने वाचलं की लक्षात येतं, बाई एकाच वाक्यात हसतेही आहे आणि हिशेबही चुकता करते आहे.

चारोळीविरोधक:
कवितेला महिन्याला एक संग्रह? ती काय कादंबरी आहे? संग्रह सलग वाचला की विसाव्या पानानंतर सगळ्या कविता सारख्याच लागतात. बैठकीला चार, बस्स. प्रत्येक कविता दोनदा, दोन वेगवेगळ्या आवाजांत, आणि मधे कुणी 'वा' म्हणायचं नाही.
इंदिरा संतांच्या बाबतीत हमखास होणारी चूक म्हणजे सूत्रसंचालक आधी चरित्र सांगतो: १९४६ साली पती गेले, १९५१ला 'शेला' आला. झालं, पुढची प्रत्येक कविता विरहाचीच. पावसातली प्रतिमा काय करते हे कुणी बघतच नाही. चरित्र शेवटी सांगा. दोन कविता 'शेला'-'मेंदी'मधल्या, दोन 'गर्भरेशीम'मधल्या (१९८२) घ्या; तीस वर्षांत ओळ कशी बदलली ते न सांगता कळेल.
आणि बहिणाबाई चौधरी यादीत का नाहीत? त्यांची गाणी तोंडी रचलेली, छापून आली १९५२ साली, त्या गेल्यावर. ती सदाशिव पेठेच्या उच्चारात वाचू नका. त्यांच्या खानदेशी बोलीत 'ळ'चा 'य' होतो, 'डोळा'चा 'डोया'. तिथे 'ळ' म्हटलात की यमक गेलं आणि ठेकाही. सिनेमाच्या चालीत तर मुळीच नको, चाल ओळीआधी पुढे धावते.

मुठाकाठ:
गौरी देशपांडेंवरून थेट 'आयदान'वर उडी. मधली १९८६ची बेबी कांबळे यांची 'जिणं आमुचं' कुठे आहे? किर्लोस्करांच्या 'स्त्री' मासिकात ती आधी क्रमशः आली होती. त्याच वर्षीची शांताबाई कांबळे यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा'ही नाही. शिवाय दलित आत्मकथन दरवेळी डिसेंबरात, सगळे दमल्यावर, आणि चर्चेचा सूर 'किती सोसलं हो!' एवढाच.
'जिणं आमुचं' रमाबाईंच्या आठवणींना जोडून वाचा, लागोपाठच्या दोन बैठकांत. एकीत बाई नवऱ्याची गोष्ट सांगते आणि स्वतःची कडेकडेने. दुसरीत 'मी' कमी आणि 'आम्ही' जास्त, अख्खा महारवाडा बोलतो. आत्मचरित्रात 'स्व' कुठे ठेवायचा, यावर मग दोन तास भांडता येतं. एकेकटी वाचली तर हा प्रश्नच उभा राहत नाही.

नारायणपेठी:
ही जोडी चांगली आहे. पण तिच्यात तिसरं पुस्तक म्हणून एखाद्या पुरुषाचं आत्मचरित्र घालून बघा, 'स्व'चा प्रश्न जास्त धारदार होईल. 'फक्त लेखिका' हा नियम तेवढ्यापुरता मोडावा लागेल.

ओंजळ:
मोडणार नाही. ते पुस्तक लोकांनी आधीच वाचलेलं आहे.